बास पडला की हेडलाइट मिणमिणतात, अँप प्रोटेक्टला जातो : कपॅसिटर, मोठी बॅटरी की अल्टरनेटर?

घुमणारी_डिकी

नमस्कार मंडळी, डोकं पिकलंय म्हणून विचारतोय. गाडी छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे, अल्टरनेटरच्या स्टिकरवर ९० अँपिअर लिहिलंय, बॅटरी कंपनीचीच ३५ एएच. मागे डिकीत वूफरसाठी एक मोनोब्लॉक (एकाच चॅनलचा अँप म्हणजे अँप्लिफायर) बसवलाय, क्लास डी, २ ओहमला ६०० वॅट आरएमएस (सलग देता येणारी पॉवर), आणि दारातल्या स्पीकरसाठी जुना फोर चॅनल आहे क्लास एबीचा, ४ गुणिले ६० वॅट. वायरिंग किट "४ गेज" म्हणून मिळालं तेच टाकलंय, बॅटरी पुढे, अँप मागे, म्हणजे वायर पाचेक मीटर तरी असेल. अर्थिंग मागच्या सीटबेल्टच्या बोल्टला दिलंय.

प्रॉब्लेम असा की रात्री सिग्नलला थांबलो, एसी चालू, लाइट चालू, आणि गाण्यात बास पडला की हेडलाइट त्या ठेक्यावर मिणमिणतात, पुढच्या गाडीवाल्याला वाटतं मी डिपर मारतोय. गाडी पळत असेल तर कमी होतं पण पूर्ण जात नाही. मोनोब्लॉकवर छोटा व्होल्टेज डिस्प्ले आहे, गाणं बंद असताना १३.९ दाखवतो आणि बास पडला की ११.७ ते ११.८ पर्यंत येतो, आणि आवाज जास्त केला की मधूनच प्रोटेक्टची लाल लाइट लागून अँप बंद, दोन मिनिटांनी परत चालू.

ज्यानं फिटिंग केलं तो म्हणतो १ फॅरडचा कपॅसिटर टाका, सगळं ठीक होईल. मेकॅनिक म्हणतो मोठी बॅटरी टाका. एक मित्र म्हणतो अल्टरनेटरच बदल. तिघांचं ऐकलं तर गाडीपेक्षा सामान महाग होईल. नक्की आधी काय करू?

ओहमचा_नियम

आधी काहीच विकत घेऊ नका. आधी हिशोब, मग मीटर, मग पाकीट.

हिशोब बघा. क्लास डी आणि एबी हे अँपच्या सर्किटचे प्रकार. क्लास डी अँप साधारण ८० टक्के कार्यक्षम धरा, म्हणजे ६०० वॅट बाहेर काढायला ७५० वॅट आत घेणार. क्लास एबी पूर्ण जोरात ५५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २४० वॅटसाठी ४३५ वॅट, उरलेली सगळी हीटसिंकमधून उष्णता. दोन्ही मिळून ११८५ वॅट, भागिले १३.८ व्होल्ट, झाले ८६ अँपिअर. हा आकडा बघून घाबरू नका, कारण हा सलग साइन टोन पूर्ण ताकदीनं वाजवला तर. गाणं तसं नसतं, त्यात ठोके असतात आणि मधे शांतता असते. नेहमीच्या गाण्याला सरासरी करंट याच्या एक अष्टमांशाच्या आसपास, आणि ते लांबलचक बासवालं दाबून मिक्स केलेलं गाणं असेल तर एक तृतीयांशापर्यंत. म्हणजे तुमची खरी सरासरी १० ते ३० अँपिअर, आणि ठोक्याला क्षणभर ८०-८५.

आता गाडीचा स्वतःचा खर्च. दोन हॅलोजन प्रत्येकी ५५ वॅटचे, म्हणजे ८ अँपिअर तिथेच गेले, टेललाइट वेगळे, एसीचा ब्लोअर जोरात असेल तर १०-१५, रेडिएटरचा फॅन लागला की अजून १०-१५, फ्युएल पंप, इंजेक्टर, इग्निशन, ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर). सिग्नलला एसी लावून उभी असलेली गाडी ३५-४० अँपिअर सहज खाते, गाणं न लावता. आणि अल्टरनेटरवर ९० लिहिलंय ते तो जोरात फिरत असताना. आयडलला इंजिन ७५०-८०० आरपीएमवर, पुलीमुळे अल्टरनेटर त्याच्या अडीच-तीन पट फिरतो म्हणजे दोन हजारांच्या आसपास, तिथे त्यातून निम्म्याच्या आसपास करंट मिळतो, आणि बॉनेटखाली तापलेला असेल तर अजून कमी. म्हणजे ४५ येतायत, ४० गाडी खातेय, तुमच्या ठोक्याला उरले ५.

मग बाकीचं कुठून येतं? बॅटरीतून. पण बॅटरी चार्जिंगच्या व्होल्टेजला काहीच देत नाही, तिचं स्वतःचं व्होल्टेज १२.६-१२.७, सिस्टिम त्याच्या खाली उतरली की मगच ती करंट द्यायला लागते. म्हणून १३.९ वरून १२.५ पर्यंत धपकन खाली येणं हे आयडलला कुठल्याही गाडीत होणारच, हेडलाइट मिणमिणणं म्हणजे तेच. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीन घाताने बदलतो, व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड ३० टक्के गेला, त्यामुळे डोळ्याला लगेच दिसतं.

पण तुमचा डिस्प्ले ११.७ दाखवतो, ते मला खटकतंय. चांगली बॅटरी असताना ठोक्याला इतकं खाली जायचं कारण नाही. हे व्होल्टेज बॅटरीवर पडत नाहीये, बॅटरी ते डिकी या रस्त्यात कुठेतरी पडतंय असा माझा अंदाज. मीटर लावल्याशिवाय पुढचं बोलत नाही.

कपॅसिटरचं मात्र आत्ताच सांगतो. १ फॅरडचा कपॅसिटर १४ वरून १२ व्होल्टला येईपर्यंत किती ऊर्जा देतो? अर्धा गुणिले १ गुणिले १९६ वजा १४४, म्हणजे २६ ज्यूल. तुमचे दोन्ही अँप पूर्ण जोरात ११८५ वॅट ओढतात, म्हणजे २६ ज्यूल संपायला २२ मिलिसेकंद लागतात. ४० हर्ट्झच्या बासचं एक आवर्तन २५ मिलिसेकंदांचं असतं. एक आवर्तन पण पुरं होत नाही हो त्याच्यात.

डबल_डीन

वरच्यांशी पूर्ण सहमत, मी वायरिंगच्या बाजूनं लिहितो कारण दहातल्या बहुतेक केस मी तिथेच संपलेल्या बघितल्यात.

पहिलं म्हणजे ती "४ गेज" वायर. गेजचा आकडा लहान तेवढी वायर जाड. खऱ्या ४ गेजमध्ये तांबं २१ चौरस मिलिमीटर असतं. किटमध्ये बऱ्याचदा बाहेरून वायर चांगली बोटाएवढी जाड दिसते, आत इन्सुलेशनच जाड आणि तारा मोजक्या, खरी निघते ८ गेज म्हणजे साडेआठ चौरस मिलिमीटरच्या आसपास. त्यात परत तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार, जिला सीसीए म्हणतात. सीसीए वापरू नये असं नाही पण तिचा रोध तांब्याच्या दीडपट असतो, म्हणून एक-दोन साइज जाड घ्यावी लागते. ओळखायची कशी, टोकाची एक तार घ्या आणि ब्लेडनं खरवडा, आत चंदेरी दिसलं की समजायचं. शिवाय दोन-चार वेळा इकडे तिकडे वाकवली की पटकन तुटते, तांब्याची तार एवढ्यात तुटत नाही.

दुसरं, सीटबेल्टचा बोल्ट. हा सोडाच. एक तर तो बोल्ट तुमचा जीव वाचवायला ठराविक टॉर्कनं आवळलेला असतो, त्याच्या खाली लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) घुसवायचं नाही, आणि दुसरं त्याच्या खाली बऱ्याचदा रंग असतो, थ्रेडवर लॉकिंग लावलेलं असतं, करंटला जायला वाटच नीट नसते. डिकीत चेसिसचा जाड पत्रा बघा, खाली पेट्रोल टाकी किंवा ब्रेकची पाइपलाइन नाहीये ना ते आधी वाकून बघा मगच ड्रिल धरा, पॉलिश पेपरनं रंग घासून चकचकीत पत्रा काढा, लग क्रिंप करून, दातेरी वॉशर टाकून बोल्ट-नट आवळा आणि मग वरून ग्रीस किंवा रंग मारा म्हणजे गंज चढणार नाही. अर्थिंगची वायर प्लसच्या वायरएवढीच जाड आणि ४५ सेंटीमीटरच्या आत ठेवा.

आता मोजायचं कसं. साधा मल्टिमीटर चालेल. गाडी आयडलला, ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा, आवाज असा ठेवा की क्लॅम्प मीटर असेल तर प्लसच्या वायरवर ४० अँपिअरच्या आसपास दिसेल, डीसी मोजणारा क्लॅम्प हवा, साधा एसीवाला इथे उपयोगाचा नाही. मीटर डीसी २० व्होल्टवर. एक, बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर, वरच्या क्लँपवर नाही, खुंटीवरच प्रोब टेकवायचा. दोन, अँपच्या प्लस आणि ग्राउंड टर्मिनलवर. मग एक लांब वायर घेऊन बॅटरीची प्लस खुंटी ते अँपचं प्लस टर्मिनल, जे व्होल्टेज दिसेल ते वायरनं, फ्यूजनं आणि लगनं खाल्लेलं. तसंच बॅटरीची मायनस खुंटी ते अँपचं ग्राउंड टर्मिनल. दोन्हीची बेरीज अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. टोन पंधरा-वीस सेकंदांच्या वर वाजवत ठेवू नका, वूफरची कॉइल तापते.

आणि हो, बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत फ्यूज आहे ना? तो नसेल तर वरचं सगळं राहू द्या, आधी तो लावा. तो फ्यूज अँपसाठी नसतो, वायरसाठी असतो. फायरवॉलच्या भोकात रबर ग्रोमेट नसलं की पत्रा हळूहळू इन्सुलेशन कापत जातो आणि एक दिवस प्लस चेसिसला टेकतो, बॅटरी शेकडो अँपिअर त्यात ओतते आणि कार्पेटखालून धूर यायला लागतो.

बासप्रेमी_एक

मी १ फॅरडचा कपॅसिटर लावलाय आणि माझ्या गाडीत मिणमिणणं खरंच कमी झालंय, उगाच हिशोब मांडून तो एकदम बाद करू नका. आणि अल्टरनेटर ठीक आहे का बघायचं सोपं आहे, गाडी चालू ठेवून बॅटरीची मायनस काढायची, गाडी बंद नाही पडली तर अल्टरनेटर ओके.

ओहमचा_नियम

दुसरं आधी. ते अजिबात, अजिबात करू नका. चालू गाडीत बॅटरी काढली की अल्टरनेटरचा करंट अचानक कुठे जायला जागा राहत नाही, रेग्युलेटर सावरेपर्यंत व्होल्टेज क्षणभरात कितीतरी पट उसळतं, त्यात ईसीयू, अल्टरनेटरचे डायोड, स्टिरिओ काहीही जाऊ शकतं. कार्ब्युरेटरच्या जमान्यात लोक करायचे, तेव्हा जळायला फारसं काही नव्हतंच. मल्टिमीटर बॅटरीवर लावा, गाडी चालू करा, १३.८ ते १४.४ च्या आसपास दिसलं की अल्टरनेटर चार्ज करतोय, संपलं.

कपॅसिटरचं. मिणमिणणं कमी झालं हे खोटं म्हणत नाही मी. छोट्या, तुटक ठोक्यांना तो आपल्यातून देतो आणि दिव्याची झपकी जरा मऊ होते, त्यामुळे डोळ्याला कमी जाणवते. पण ठोक्यानंतर त्याला परत भरावं लागतं आणि ते भरायला करंट त्याच अल्टरनेटरकडून जातो. सरासरीत तूट असेल तर ती तूट तशीच राहते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आणि अर्थिंग खराब असताना कपॅसिटर त्याच खराब बोल्टला जोडला तर तोही त्याच रस्त्यानं उपाशी राहतो. लावायचाच असेल तर पहिल्यांदा रेझिस्टरमधून किंवा १२ व्होल्टच्या बल्बमधून भरा, रिकामा कपॅसिटर थेट जोडला की तो क्षणभर शॉर्टसारखाच वागतो, मोठी ठिणगी पडते आणि फ्यूजही उडू शकतो.

घुमणारी_डिकी

मोजलं सगळं, मित्राचा क्लॅम्प मीटर आणला. ५० हर्ट्झ टोन, ४० अँपिअर, आयडल, एसी आणि लाइट चालू :

बॅटरीच्या खुंट्यांवर १३.१
अँपच्या टर्मिनलवर ११.७
प्लसच्या बाजूला ०.६
अर्थिंगच्या बाजूला ०.८

वायरची तार खरवडली, आत चंदेरी. आणि सीटबेल्टचा बोल्ट मोजून झाल्यावर हातानं बघितला तर चटका बसेल इतका गरम होता, लग उचललं तर खाली अर्धा रंग तसाच, आणि लगच्या कडेला निळसर काळं वर्तुळ. फ्यूज आहे पण बॅटरीपासून लांब, डॅशबोर्डच्या खाली लावलाय, म्हणजे इंजिनच्या बाजूची सगळी वायर फ्यूजच्या संरक्षणाशिवायच आहे. बघून पोटात गोळा आला.

ओहमचा_नियम

बघा, सापडलं. ०.६ अधिक ०.८ म्हणजे १.४, आणि १३.१ मधून १.४ गेले की बरोबर ११.७, मापं जुळली. अर्थिंगला ०.८ व्होल्ट गुणिले ४० अँपिअर म्हणजे ३२ वॅट, तुमच्या एका लगच्या खाली चांगल्या सोल्डरिंग इस्त्रीएवढी उष्णता तयार होत होती, म्हणून बोल्ट गरम. वायरचंही जुळतं, ८ गेजच्या सीसीए तारेचा पाच मीटरला १६ मिलिओहम रोध येतो, ४० अँपिअरला ०.६४ व्होल्ट. म्हणजे वायरवर ४ लिहिलं असलं तरी आत आहे ८.

अँप प्रोटेक्टला का जायचा तेही यातच आहे. ४० अँपिअरला ११.७ येत असेल तर जोरात ७०-८० ओढल्यावर दहाच्या आसपास जाणार, आणि बऱ्याच अँपमध्ये तिथेच कुठेतरी अंडरव्होल्टेज कटऑफ असतो. शिवाय ज्या अँपचा पॉवर सप्लाय रेग्युलेटेड नसतो त्याची ताकद साधारण व्होल्टेजच्या वर्गानं कमी होते, अँपचे आकडे बऱ्याचदा १४.४ व्होल्टला मोजलेले असतात, १२ व्होल्टला ६०० चे जेमतेम ४१५ राहतात. मग माणूस गेन (अँपची इनपुट सेटिंग) वाढवतो, अँप क्लिप व्हायला लागतो म्हणजे लाटेची टोकं कापली जातात, आणि क्लिप झालेला सिग्नल चौकोनी होत गेला की तेवढ्याच उंचीच्या साइनच्या दुप्पट पॉवरपर्यंत जातो, म्हणजे करंट अजून वाढला, व्होल्टेज अजून पडलं. असं चक्र आहे ते.

गेन नीट लावायचा असेल तर वूफर सोडवा, ० डीबीचा ५० हर्ट्झ टोन लावा, हेड युनिटचा आवाज तीन चतुर्थांश, बास बूस्ट आणि इक्वलायझर सगळं शून्यावर, मीटर एसी व्होल्टवर अँपच्या आउटपुटला. ६०० गुणिले २ चं वर्गमूळ ३४.६, तेवढे व्होल्ट आले की गेन थांबवा. आणि बास बूस्टचं ते बटण विसरून जा. ६ डीबी बूस्ट म्हणजे चौपट पॉवर, लोक ते सहज फिरवतात आणि मग अल्टरनेटरला शिव्या घालतात. उलट ३ डीबी कमी केलात तर पॉवर निम्मी लागते, करंटही जवळपास तेवढाच कमी, आणि कानाला फरक जेमतेम कळतो. माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात स्वस्त अल्टरनेटर हाच, पण कुणाला आवडत नाही.

डबल_डीन

आता कामाला लागा. बॅटरीची मायनस आधी काढायची, जोडताना शेवटी जोडायची. शुद्ध तांब्याची ४ गेज टाका, पाच मीटरला ८६ अँपिअरवर पण ०.३५ व्होल्टच पडेल. पुढे वाढवायचा विचार असेल तर आत्ताच त्याहून जाड १/० गेज टाका, तिला तेवढ्याच करंटला ०.१४, पण ती फायरवॉलमधून न्यायला घाम निघतो. मोनोब्लॉकवर किती फ्यूज आहेत ते बघा, बहुधा ३० चे दोन असतील आणि फोर चॅनलवर २० चे दोन, म्हणजे बेरीज १००, तेवढाच १०० अँपिअरचा एएनएल (जास्त करंटसाठीचा पट्टीवाला) फ्यूज बॅटरीजवळ. मागे डिस्ट्रिब्यूशन ब्लॉकमधून फोर चॅनलला बारीक वायर जात असेल तर तिथे वेगळा फ्यूज हवा, कारण १०० चा फ्यूज त्या बारीक वायरला वाचवणार नाही.

जाता जाता ही फ्यूजची युक्ती खोक्यावरचे वॅट तपासायला पण वापरा. खोक्यावर "३००० वॅट मॅक्स" आणि अँपवर ३० अँपिअरचा एकच फ्यूज, तर ३० गुणिले १३.८ म्हणजे ४१४ वॅट आत, बाहेर सव्वातीनशे. बाकी सगळी छपाई.

मग पुढच्या बाजूला तीन वायरी जाड करा, ज्याला सगळे बिग थ्री म्हणतात : अल्टरनेटरचं प्लस ते बॅटरी प्लस, बॅटरी मायनस ते चेसिस, आणि इंजिन ब्लॉक ते चेसिस. कंपनीच्या काढायच्या नाहीत, त्यांच्या जोडीला टाकायच्या, आणि अल्टरनेटरच्या प्लसवाल्या नव्या वायरलाही फ्यूज लावायचा. तुमच्या अल्टरनेटरला यानं फार जादू होणार नाही, पण जुन्या गाडीत इंजिनची अर्थ पट्टी गंजलेली असते आणि ती बदलल्यावर स्टार्टरसुद्धा चपळ होतो.

नवीन_गाडी

यात माझाही प्रश्न घुसवतो. माझी गाडी नवीन आहे, स्टार्ट-स्टॉपवाली. हायवेला व्होल्टेज कधी १२.६ तर कधी १४.८, गाणं बंद असतानासुद्धा. अल्टरनेटर गेलाय का? आणि मित्राकडे इलेक्ट्रिक गाडी आहे, तिच्यात तर अल्टरनेटरच नाही, तिथे काय करतात?

ओहमचा_नियम

गेलेला नाही, तो हुशार आहे. हल्ली ईसीयू अल्टरनेटरला सांगतो कधी किती चार्ज करायचं, बॅटरी पुरेशी भरलेली असेल तर इंधन वाचवायला व्होल्टेज उतरवतो, आणि पाय उचलला किंवा ब्रेक लावला की फुकटची ऊर्जा मिळतेय म्हणून चढवतो. बऱ्याच अशा गाड्यांमध्ये बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर एक छोटा डबा असतो, तो करंट मोजणारा सेन्सर. अँपचं अर्थिंग थेट बॅटरीच्या मायनस खुंटीला दिलंत तर तो करंट सेन्सरमधून जात नाही, गाडीला कळतच नाही की कुणी ओढतंय, आणि बॅटरी हळूहळू उपाशी राहते. म्हणून अर्थिंग चेसिसलाच. काही गाड्यांत हेडलाइट चालू केले की ईसीयू व्होल्टेज वर धरून ठेवतो, तुमच्या गाडीत होतं का ते मीटर लावून बघा. बॅटरी बदलायची वेळ आली तर (ईएफबी आणि एजीएम हे स्टार्ट-स्टॉपला चालणारे बॅटरीचे प्रकार) ईएफबी असेल तर ईएफबी किंवा एजीएम, एजीएम असेल तर एजीएमच, साधी टाकू नका.

इलेक्ट्रिकमध्ये मोठ्या बॅटरीतून डीसी-डीसी कन्व्हर्टर १२ व्होल्टची बाजू चालवतो. त्याचं सुख असं की तिथे आयडल नावाचा प्रकार नाही, सिग्नलला उभी असली तरी तेवढाच करंट. दुःख असं की त्याच्या मर्यादेच्या पुढे काहीही करता येत नाही, म्हणून आधी त्याचं रेटिंग बघून त्यातच बसेल एवढाच अँप घ्यायचा. नारिंगी केबलांना मात्र हात लावायचा नाही, त्या शेकडो व्होल्टच्या असतात.

घुमणारी_डिकी

काम झालं. तांब्याची ४ गेज, १०० चा एएनएल बॅटरीच्या शेजारी, अर्थिंग नवीन जागी पत्रा घासून, पुढच्या तीन वायरी पण टाकल्या. फ्यूज खरंच ३० चे दोन आणि २० चे दोन निघाले. तोच टोन, तेच ४० अँपिअर, तीच एसी-लाइट :

बॅटरीवर १३.१
अँपवर १२.८

प्रोटेक्टची लाल लाइट नंतर दिसलीच नाही. गेन मीटर लावून केला तर आधी बराच जास्त होता, आणि आता कमी गेनवर बास उलट जास्त घट्ट वाटतोय, आधीचा तो फाटका आवाज गेला.

पण सिग्नलला जोरात वाजवलं की बॅटरीवर व्होल्टेज अजून १२.६ पर्यंत उतरतं आणि हेडलाइट थोडे हलतात. पळत्या गाडीत काहीच नाही. आता याच्यासाठी दुसरी बॅटरी की मोठा अल्टरनेटर? एक जण १८० अँपिअरचा द्यायला तयार आहे.

बासप्रेमी_एक

दुसरी बॅटरी टाका ना डिकीत, आयसोलेटर (दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारा स्विच) लावून.

डबल_डीन

दुसरी बॅटरी इंजिन बंद ठेवून तासभर वाजवायचं असेल तर कामाची. पुढची ३५ एएचची बॅटरी गाडी स्टार्ट करायला बनवलेली आहे, तिच्यातून २५ अँपिअर सरासरीनं ओढलं तर अर्धा-पाऊण तासात ती निम्म्यावर येणार आणि हे रोज केलं तर लवकर मरणार, तिथे मागे वेगळी एजीएम टाकून व्होल्टेज बघणारा रिले लावला की पुढची सुरक्षित राहते. चालत्या गाडीत मात्र दुसरी बॅटरी म्हणजे अल्टरनेटरला भरायला अजून एक तोंड. हां, जवळच्या बॅटरीमुळे ठोक्याला आधार मिळतो, तो कपॅसिटरपेक्षा कितीतरी खरा असतो, पण तुमचा प्रश्न आयडलच्या सरासरीचा आहे. लिथियम फॉस्फेटवाली कुणी सुचवली तर बॉनेटखालच्या उष्णतेत ठेवू नका आणि तिचा बीएमएस (बॅटरीतलं संरक्षण सर्किट) किती अँपिअर सोडतो ते बघा.

ओहमचा_नियम

मी तुमच्या जागी असतो तर इथेच थांबलो असतो. १२.६ पर्यंत ठोक्याला उतरणं म्हणजे बॅटरी आपलं काम करतेय, यानं काही बिघडत नाही, फक्त डोळ्याला दिसतं. सिग्नलला आवाज दोन टिचक्या कमी.

तरीही अल्टरनेटर घ्यायचाच असेल तर १८० या आकड्याकडे बघू नका. तो आकडा अल्टरनेटर सहा हजार आरपीएमच्या आसपास फिरत असतानाचा असतो. तुम्हाला हवाय दोन हजारांवरचा, तोही गरम असतानाचा. काही मोठे अल्टरनेटर वर भरपूर देतात आणि आयडलला तुमच्या जुन्या ९० वाल्याएवढंच किंवा त्याहूनही कमी देतात, म्हणजे सगळा खर्च करून सिग्नलला लाइट तसेच हलणार. आरपीएम विरुद्ध अँपिअरचा ग्राफ किंवा टेस्टचा कागद मागा, पुली कुठल्या मापाची येते ते विचारा, आणि पट्टा जास्तीच्या ओढीला घसरणार नाही एवढा ताण येतो का ते मेकॅनिककडून बघून घ्या. नुसतं "१८० आहे साहेब" एवढंच उत्तर आलं तर घेऊ नका.

घुमणारी_डिकी

विचारलं, कागद नाही म्हणाला. राहू दे मग. फोर चॅनल जुना क्लास एबी आहे तो काढून क्लास डीचा टाकला तर किती वाचेल?

ओहमचा_नियम

२४० वॅटला ४३५ ऐवजी ३०० आत घेईल, पूर्ण जोरात दहाएक अँपिअर वाचतील. आणि कमी आवाजात क्लास एबीची कार्यक्षमता अजून घसरते, त्यामुळे रोजच्या ऐकण्यात प्रमाणानं फरक जास्त पडेल. त्याचे २० चे फ्यूज बदलून मोठे करू नका, नव्या अँपचे जे येतील तेच, आणि पुढचा १०० चा आहे तसाच राहू दे.

घुमणारी_डिकी

ठीक. जुना फोर चॅनल कुणाला हवा असेल तर व्यनि करा, चालू आहे, फक्त तापतो.